पाखाडी, पालखी आणि पार्किंग

संपादक मंडळाचा निरोप होता की प्रत्येकाने शाळेच्या आठवणी लिहाव्यात. त्या बाकीचे लिहितीलच आणि माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. मला शाळेत इतिहास आवडायचा, मार्क मात्र गणितात पडायचे, म्हणून इंजिनिअर झाले आणि गेली वीस-बावीस वर्षे पुण्यात कॉम्प्युटरसमोर बसून आहे. तेव्हा ही संधी साधून मी इतिहासावरच लिहिते. सर आणि बाईंनी सनावळ्या तपासून घ्याव्यात, चूक सापडली तर संमेलनात कान धरावा. विषय आहे रस्ता. पहिलीपासून दहावीपर्यंत ज्याच्यावरून आपण चालत शाळेत गेलो, तोच.

आपल्याकडे रस्ता तसा उशिरा आला. त्याआधी होती पाखाडी. पुण्यात वाढलेल्या माझ्या मुलीला हा शब्द समजावून सांगावा लागला: जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे, वर आंब्या-फणसाची सावली, मध्ये वहाळ आला तर त्यावर साकव. पाखाडी रुंद किती? डोक्यावर भारा घेतलेली एक बाई आणि समोरून येणारा एक गडी एकमेकांना न घासता जातील एवढी. कोकणातल्या गावाची मोजमापे अशी माणसाच्या अंगावरून ठरलेली होती. चाकाला इथे फार काम नव्हतेच. माल यायचा समुद्राने, खाडीतून होडीने वर चढायचा आणि घाटावर जायचा तो बैलांच्या पाठीवरून. सड्यावर बैलगाडी चालायची, पण सड्यावरून आगरात उतरायचे तर पायच लागत.

रत्नागिरी शहरही असेच वाढलेले. वर कातळ, खाली आळ्या, मध्ये घाट्या. राम आळी, टिळक आळी ही नावेच सांगतात की हे रस्ते कुठूनतरी कुठेतरी जाण्यासाठी नव्हते, राहण्यासाठी होते. आळी म्हणजे घरांची ओळ. तिच्या मधली जागा ही सगळ्यांच्या अंगणांची बेरीज. लग्नाचा मांडव तिथेच, भांडण तिथेच, पापड वाळत घालणे तिथेच आणि क्रिकेटही तिथेच. लोकमान्यांचा जन्म १८५६ साली ज्या घरात झाला ते टिळक आळीतले घर आपण शाळेतून रांगेने पाहायला गेलो होतो. रांग रस्त्याच्या मधून चालली होती आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नव्हते, हे मला आज घरापेक्षा जास्त आठवते.

मुंबईला जायचे तर बोट, आणि पावसाळ्यात बोटी बंद म्हणजे मुंबई बंद. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी एस.टी.ची पहिली गाडी सुटली आणि पुढच्या काही दशकांत लाल गाडी कोकणात वाडीवाडीच्या फाट्यापर्यंत पोचली. माझ्या मते कोकणातला खरा सार्वजनिक रस्ता एस.टी.ने घडवला. फाट्यापर्यंत गाडी, तिथून घरापर्यंत पाखाडी, अशी ही जोडी होती, आणि दोघींचे एकमेकींशी भांडण नव्हते. पुढे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९१ नंतर कर्जे सोपी झाली, २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे मुंबईपासून थेट मंगळूरच्या बाजूपर्यंत धावू लागली. आपली बॅच पंच्याण्णवची. शाळेच्या सायकल स्टँडवर सरांची एखादी स्कूटर आणि बाकी सगळ्या सायकली, हे दृश्य पाहिलेल्या शेवटच्या काही बॅचपैकी आपण असू.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख नुसता उसासा होईल. पाखाडी सुंदर होती ती धडधाकट माणसाला. माझ्या आजीला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा चार जणांनी तिला डोलीत घालून भर पावसात दीडशे पायऱ्या खाली आणले, आणि खाली गाडी उभी असूनही त्यात जो वेळ गेला तो गेलाच. गावागावांतून ‘आमच्या वाडीत गाडी आली पाहिजे’ ही मागणी झाली ती हौसेपोटी नव्हे. ज्यांच्या दारात आधीच गाडी लागते त्यांनी पाखाडीचे गोडवे गाताना हे लक्षात ठेवावे. मीही ठेवते.

दुसरी गोष्ट याहून जुनी आणि जास्त बोचणारी. रस्ता ‘सगळ्यांचा’ होता असे आपण सहज म्हणतो. तो नव्हता. त्रावणकोरातल्या वैकोमला शिवमंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्यांना आणि इझवांना चालायला बंदी होती. त्यासाठी ३० मार्च १९२४ रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि दीड वर्षाहून अधिक काळ चालला. देवळात जाण्यासाठी नव्हे, देवळाबाहेरच्या रस्त्यावरून चालण्यासाठी. तडजोड झाली तेव्हाही एक बाजू बंदच राहिली. आपल्याकडे १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडून सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या करायला लावल्या. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर. प्रत्यक्षात पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या मागून हजारो लोक महाडच्या रस्त्यांवरून शिस्तीने चालत तळ्यावर गेले. पाठ्यपुस्तकात आपण तळ्याचे पाणी वाचले. मला आता त्या मिरवणुकीचे पाय दिसतात. गावाच्या भर बाजारातून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालत जाणे, हाही त्या सत्याग्रहाचा अर्धा भाग होता. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले, हे आपल्याला शाळेत अधिक ठासून सांगायला हवे होते.

रत्नागिरी शहरातही त्याच काळात हे मंथन चालू होते. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते. त्यांच्या राजकारणाबद्दल आपल्या ग्रुपवर दर महिन्याला वाद होतो, तो इथे नको. पण शाळेत सर्व जातींची मुले सरमिसळ बसावीत म्हणून त्यांनी इथे खटपट केली आणि भागोजी कीरांनी स्वतःच्या पैशाने बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्वांसाठी उघडले, ही आपल्या गावाची नोंद आहे. बाकावर शेजारी कोण बसणार आणि आळीतून कोण चालणार हे एकाच भांडणाचे दोन भाग होते.

आता गंमत पाहा. नेमक्या याच वर्षांत अमेरिकेतही रस्ता कुणाचा यावरून जुंपली होती, फक्त तिथे समोर मोटार होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या शहरांतही रस्त्यात पोरे खेळत, फेरीवाले उभे राहत, माणसे वाटेल तिथून रस्ता ओलांडत. मोटारी आल्या आणि माणसे, त्यातही मुले, मोठ्या संख्येने मरू लागली. लोक खवळले. १९२३ साली सिनसिनाटी शहरात बेचाळीस हजार लोकांनी सह्या करून मागणी केली की गावातल्या प्रत्येक मोटारीला असे यंत्र बसवा की ती ताशी पंचवीस मैलांवर जाणारच नाही. इंजिनिअर म्हणून मला ही मागणी फार आवडते. लोकांना उपदेश करू नका, यंत्रच दुरुस्त करा! मोटार विकणाऱ्यांनी आणि वाहनसंघांनी एकजुटीने प्रचार केला आणि मतदानात मागणी पडली. त्यानंतर त्या मंडळींनी डाव उलटा टाकला. दोष मोटारीचा नाही, चालणाऱ्याचा आहे, असे सांगायला सुरुवात केली. त्यासाठी ‘जेवॉकर’ हा शब्द चलनात आणला. त्यातल्या ‘जे’चा अर्थ गावंढळ. म्हणजे शहरात कसे चालावे हे न कळणारा खेडवळ माणूस. १९२५ साली लॉस एंजेलिसने नियम केला की रस्ता ठरलेल्या जागीच ओलांडायचा, आणि पुढे इतर शहरांनी तो उचलला. हजारो वर्षे जो रस्त्याचा मालक होता, तो दहा-पंधरा वर्षांत रस्त्यावरचा घुसखोर ठरला.

हे वाचले तेव्हा मला महाड आठवले. दोन्ही गोष्टी एका मापाच्या नाहीत, हे मला कळते. जातीने केलेला अपमान आणि मोटारीने केलेली अडचण यांची बरोबरी करणार नाही. पण ‘तू इथून चालायचे नाहीस, तुझी जागा ती’ हे वाक्य लाज वाटायला लावून माणसाच्या गळी उतरवता येते, हे दोन्हीकडे दिसते.

आम्हा मुलींना तर ते वेगळे सांगावेही लागले नाही. वर्गातले मुलगे संध्याकाळी नाक्यावर, मांडवीच्या धक्क्यावर तास न् तास बसायचे. आम्ही ‘जाऊन यायचो’. दळण, क्लास, वाण्याचे सामान असे काहीतरी काम हातात असल्याशिवाय मुलगी रस्त्यावर दिसता कामा नये. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या स्त्रियांवर २०११ साली ‘व्हाय लॉइटर’ नावाचे पुस्तक लिहिले, त्यात हाच मुद्दा आहे: बाईला रस्त्यावर काही कारण नसताना रेंगाळता आले पाहिजे. मुलग्यांनो, तुमच्या नाक्यावरच्या आठवणी स्मरणिकेत अनेक असतील. त्याच काळातल्या आमच्या नसतील, हे संपादकांनी नोंदवून ठेवावे.

रस्ता परत मिळवण्याची पहिली मोठी गोष्ट हॉलंडमधली. तिथे आज सगळे सायकलवर दिसतात म्हणून आपल्याला वाटते की ते रक्तातच असेल. तसे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारींसाठी घरे पाडली, कालवे बुजवले. १९७१ साली त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतली चारशेहून अधिक लहान मुले होती. ज्याची स्वतःची मुलगी अशी गेली अशा एका पत्रकाराने लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचे मराठी ‘बालहत्या थांबवा’ असे होईल, आणि तेच चळवळीचे नाव झाले. आया-बाप मुलांना घेऊन रस्त्यात बसले, रस्ते अडवून तिथे जेवणाची टेबले मांडली. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली तेव्हा सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या आणि लोकांनी हायवेवर स्केटिंग केले. १९७६ पासून तिथे ‘राहता रस्ता’ कायद्यात आला: ज्या रस्त्यावर मुलांनी खेळायचे आणि मोटारीने माणसाच्या चालीने जायचे. मला यात आपल्या आळीखेरीज नवे काही दिसत नाही. फक्त त्यांनी ती कायद्यात लिहिली.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्याच्या लक्ष्मी रोडचे. ११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महापालिकेने ‘पादचारी दिन’ म्हणून त्याचा गर्दीचा भाग गाड्यांना बंद केला, आणि पुढच्या वर्षांतही डिसेंबरात तो दिवस पाळला. मी मुलीला घेऊन गेले होते. सकाळी दुकानदारांचे चेहरे साशंक होते, ‘गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार?’ संध्याकाळी रस्ताभर माणसे होती, मुले खडूने जमिनीवर चित्रे काढत होती आणि एक आजोबा रस्त्याच्या बरोबर मध्यावर उभे राहून वरच्या मजल्यांच्या जुन्या लाकडी गॅलऱ्या पाहत होते. इतकी वर्षे पुण्यात राहून त्या गॅलऱ्या मीही त्याच दिवशी नीट पाहिल्या, कारण एरवी मान वर केली तर जिवावर बेतते. धंदा वाढला की घटला यावर तिथले व्यापारी आजही भांडतात, आणि एका दिवसावरून तो निकाल लागणारही नाही. पण पुणेकरांना या प्रयोगात विचित्र वाटण्याचे कारण नव्हते. हाच लक्ष्मी रोड दरवर्षी अनंत चतुर्दशीला विसर्जन मिरवणुकीसाठी एक दिवस आणि वर आणखी काही तास गाड्यांना बंद असतो, आणि ‘मी गाडी कुठे लावू?’ असे कुणी गणपतीला विचारत नाही.

आपल्या शिमग्याचेही तेच. बारा वाड्यांचे ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी निघते तेव्हा सगळे शहर वाट देते. पोलीस अडवत नाहीत, उलट सलामी देतात. पालखी खांद्यांवर नाचते, मागून ढोल, आणि ज्या रस्त्यावर एरवी दोन मिनिटे गाडी थांबली तर मागून हॉर्न सुरू होतात तिथे माणसे तासभर मजेत उभी असतात. रस्ता बंद ठेवणे आपल्याला जमत नाही असे नाही. ते तर आपल्याला उत्तम जमते, पिढ्यान् पिढ्या.

मोटारीशिवायचे गाव कसे असते हे पाहायचे तर महाराष्ट्रात माथेरान आहे. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार नाही, तिथून पायी किंवा घोड्यावर. १९०७ साली आदमजी पीरभॉयांनी आणलेली छोटी गाडी अजून आहे. मी गेले तेव्हा शांतता विलक्षण वाटली आणि हातरिक्षा पाहून मान खाली गेली. सामान आणि माणसे घेऊन लाल मातीच्या चढावर ती ओढणारी माणसेच होती. मोटार नको म्हणताना तिचे ओझे कुणाच्या खांद्यावर पडते हा प्रश्न तिथे उघडा दिसतो, आजीच्या डोलीसारखाच. ई-रिक्षा सुरू होण्यासाठी हातरिक्षावाल्यांनाच कोर्टात जावे लागले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करायला सांगितले. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच न्यायालयाने असेही म्हटले की चालण्याजोगे फूटपाथ हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे रोज नव्वद. आपल्या दहावीच्या दोन तुकड्या, रोज.

आता आपल्या गावाकडे. मारुती मंदिरापासून जयस्तंभापर्यंत, राम आळी, गोखले नाका, धनजी नाका हा भाग गणपतीत आणि मे महिन्यात कसा असतो हे तुम्ही इथे राहणारे माझ्यापेक्षा जास्त जाणता. त्यात चाकरमान्यांच्या, म्हणजे आमच्याच, गाड्यांची भर असते. कुठल्याही शाळेच्या फाटकाशी सुटायच्या वेळी उभे राहून पाहा. एकेका मुलाला न्यायला एकेक गाडी. का, तर रस्त्यावर फार गाड्या असतात म्हणून मुलाला चालत पाठवायची भीती वाटते. प्रोग्रॅमिंगमध्ये याला अनंत चक्र म्हणतो आम्ही. ते आतून थांबत नाही, बाहेरून कुठेतरी अट घालावी लागते.

ती अट कुठे घालता येईल याचा विचार करताना मला आपलीच बॅच दिसते. आपल्यातल्या दोघांची दुकाने बाजारात आहेत, तिघे रिक्षा चालवतात, एक जण वकील, दोघी शिक्षिका, आणि काही जण नगर परिषदेच्या पायऱ्या रोज चढतात. एवढ्या लोकांनी एकत्र बसून ठरवले तर सकाळी आणि दुपारी अर्धा-अर्धा तास शाळेसमोरचा तेवढाच तुकडा गाड्यांना बंद ठेवण्याचा अर्ज नक्की करता येईल. रिक्षावाल्यांनी गाडी कुठे थांबवायची हे आधी रिक्षावाल्यांनाच विचारावे, आणि ज्या मुलाला चालता येत नाही त्याची गाडी फाटकापर्यंत येऊ द्यावी. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे फिजिक्सच्या सरांनी आपल्याकडून दहा वेळा लिहून घेतले होते. तेही अर्जाला जोडू. सरांनी सही करावी.

जाता जाता, संमेलनाच्या ग्रुपवर गेले दोन आठवडे एकच चर्चा चालू आहे की सव्वाशे माणसे येणार तर गाड्या कुठे लावायच्या. शाळेचे मैदान मागावे असे काहींचे म्हणणे आहे. माझे म्हणणे, मैदानावर त्या दिवशी मुलांना खेळू द्या. गाड्या वर सड्यावरच्या मोकळ्या जागेत लावू, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी आपल्या तिघा रिक्षावाल्यांनी फेऱ्या मारायचे कबूल केले आहे. बाकीच्यांनी शाळेमागच्या पाखाडीने खाली यावे. गेल्या महिन्यात मी मुलीबरोबर उतरून पाहिले. वाट उघडी आहे, खालून सातवी पायरी तेवढी निखळली आहे, आणि पावसाळ्यातले शेवाळ सावलीत अजून आहे. चपला घालून येऊ नका.